निळी बाटली नेमकी कोणाची? चौथीच्या वर्णनलेखनाचं एक प्रकरण

"माझी शाळा खूप छान आहे. शाळेत खूप झाडे आहेत. झाडे खूप छान आहेत. मला माझी शाळा खूप खूप आवडते."

चौथीच्या 31 वह्या तपासल्या आणि बहुतेकींत थोड्याफार फरकाने हाच मजकूर. मी समासात 'अजून सविस्तर लिही' असा शेरा मारायचे. मूल आज्ञाधारकपणे एक वाक्य वाढवायचं: "झाडे हिरवीगार आहेत." त्याचं काम झालं, माझंही झालं.

हीच मुलं मधल्या सुट्टीत भलतं बारीक बोलायची. पायरीजवळच्या भिंतीवर एक पाल असते. तिची शेपूट तुटली होती आणि नवी उगवत होती. नवी शेपूट जुनीपेक्षा कशी फिकी आणि गुळगुळीत आहे, जोड नेमका कुठे दिसतो, हे मागच्या बाकावरचा एक मुलगा हातवारे करून मित्रांना सांगत होता. मी शेजारून जाताना थांबून ऐकलं. पुढच्याच तासाला त्याच्या वहीत 'माझा आवडता प्राणी' या मथळ्याखाली वाघावर चार वाक्यं होती. वाघ त्याने कधी पाहिलेला नव्हता.

म्हणजे मुलांना दिसत होतं, बोलताही येत होतं. वहीपाशी आलं की सगळं आटत होतं. पुढे जे लिहिते आहे ते या वर्गासोबतच्या एका सत्राचं टिपण आहे. त्यात फसलेलंही बरंच आहे.

आधी केलेले उपाय

वर्णन म्हणजे विशेषणं, असं माझंही गणित होतं. म्हणून भिंतीवर विशेषणांचा तक्ता लावला. पाहणं, ऐकणं, वास, चव, स्पर्श अशा पाच रकान्यांची कार्डं वाटली. एक नमुना निबंध फळ्यावर लिहून दिला.

परिणाम दिसला. एकाने वर्गातल्या गंजलेल्या कपाटाला 'नयनरम्य' म्हटलं. पाच रकान्यांच्या कार्डामुळे शाळेच्या घंटेला चव आली, कारण रकाना रिकामा ठेवायचा नाही असं बाईंनीच बजावलं होतं. आणि नमुना निबंधातली माझीच वाक्यं पुढच्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक वह्यांमधून मला परत मिळाली.

कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डमालिया या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1987 मध्ये लेखनाच्या दोन रीती सविस्तर मांडल्या. नवशिका विषय पाहतो, त्याबद्दल आठवेल ते आठवेल त्या क्रमाने कागदावर उतरवतो आणि आठवणं संपलं की थांबतो. याला त्यांनी 'ज्ञान सांगणं' म्हटलं. मुरलेला लेखक लिहिता लिहिता अडतो: मला नेमकं काय म्हणायचंय, वाचणाऱ्याला ते कळेल का? त्या अडण्यातून त्याची स्वतःची समजही बदलते. माझ्या वर्गाला अडण्याचं कारणच नव्हतं. शाळा बाईंनी पाहिलेली, वही बाईच वाचणार. बाईंना शाळेत झाडं आहेत हे कळवून मुलांनी तरी काय साधायचं?

पेटी

आमच्या जिन्याखाली सापडलेल्या वस्तूंची एक पेटी आहे. छत्र्या, स्वेटर, कंपासपेट्या, एकेकटे मोजे आणि मुख्य म्हणजे पाण्याच्या बाटल्या. ती सांभाळणाऱ्या मावशी एक दिवस वैतागून वर्गात आल्या. "बाई, रोज मधल्या सुट्टीत माझ्यापुढे खटला चालतो. दोघं येतात, एकच बाटली धरतात, दोघंही म्हणतात माझी. मी काय देव आहे?" त्यातच मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की सत्र संपताना पेटी रिकामी करायची.

समस्या आयती चालून आली होती. मी फक्त ती वर्गापुढे मांडली: ज्याची वस्तू त्याला मिळाली पाहिजे, भांडण होता कामा नये आणि मावशींना कोणाची साक्ष काढावी लागू नये. काय करायचं?

इथे थोडं थांबून पद्धतीबद्दल सांगते. समस्याधारित अध्ययन लहान मुलांसाठी निघालेलं नाही. कॅनडातल्या हॅमिल्टन इथे मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत 1969 मध्ये पहिली तुकडी आली, ती या रीतीने शिकली. आधी व्याख्यानं आणि मग रुग्ण हा क्रम तिथे उलटा केला गेला. छोट्या गटापुढे आधी रुग्णाची तक्रार ठेवायची, आपल्याला काय कळतंय आणि काय शिकावं लागेल ते गटाने ठरवायचं, मग अभ्यासाला लागायचं. पद्धत घडवण्यात आणि पसरवण्यात हॉवर्ड बॅरोज यांचा मोठा वाटा होता. प्रकल्पपद्धतीहून ही वेगळी, हे आमच्या शिक्षककक्षात मला तीनदा समजावून सांगावं लागलं. प्रकल्पात शेवटी काय तयार करायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथे फक्त अडचण हातात असते, आणि तिच्यासाठी काय शिकावं लागेल हेही शोधायचं असतं. म्हणूनच मी 'वर्णन' हा शब्द पहिले तीन दिवस तोंडातून काढला नाही.

तो न काढणं महागात पडणार होतं. फळ्यावर मी तीन रकाने आखले: काय माहीत आहे, काय माहीत नाही, काय करून पाहू. पहिल्या दोन मिनिटांत चष्मेवाली एक मुलगी उठली. "बाई, सगळ्यांनी आपल्या वस्तूवर नाव घालायचं. झालं." वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझं सहा आठवड्यांचं नियोजन तिने एका वाक्यात निकालात काढलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. अशा वेळी मुलाचं उत्तर हळूच बाजूला सारून आपल्याला हवं त्या उत्तराकडे वळवायचा मोह होतो. तसं केलं की समस्या खोटी आहे हे मुलांना तिथेच कळतं. मी उत्तर तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि सगळ्यांनी त्याच दिवशी आपापल्या वस्तूंवर नावं घातली. मग पेटी उघडून वर्गात मांडली. तिच्यात आधीच पडलेल्या वस्तूंवर नावं कुठे होती? दोन बाटल्यांवर एकेकाळी होती, आता घासून गेली होती. समस्या उरली.

दुसरी सूचना आली फोटोची. मोबाईलवर फोटो काढून फलकावर लावायचे. यावर मागून आवाज आला, "मग कोणीपण बघून सांगेल माझी आहे." वर्ग गप्प झाला. ही अडचण आम्ही दुसऱ्या रकान्यात टाकली आणि विसरून गेलो. ती पुढे परत येणार होती.

शेवटी ठरलं ते असं: वस्तू पेटीतच राहील, ज्याची हरवली त्याने चिठ्ठी लिहून द्यायची, आणि मावशी चिठ्ठीवरून वस्तू ओळखतील. चिठ्ठीने काम होतं का, ते आधी वर्गात करून पाहायचं.

पहिल्या चिठ्ठ्या

गटागटाला पेटीतली एकेक वस्तू दिली आणि तिची चिठ्ठी लिहायला सांगितलं. मग सगळ्या वस्तू पुन्हा ढिगात, आणि चिठ्ठी दुसऱ्या गटाच्या हातात. नियम एकच: शोधणारे शोधत असताना लिहिणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही.

पहिली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. "ही बाटली निळ्या रंगाची आहे. ती खूप छान आहे. ती पाणी प्यायच्या उपयोगी पडते." ढिगात नऊ निळ्या बाटल्या होत्या. शोधणाऱ्या गटाने पहिली हाताला लागली ती उचलली. लिहिणारी मुलगी दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होती, डोळे मोठे, मान जोरजोरात हलत होती. शोधणाऱ्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग त्यांच्यातला एक वैतागून म्हणाला, "अगं, छान म्हणजे कोणती?"

हा प्रश्न मी चार महिने समासात लिहीत होते. माझ्या लाल शाईने झालं नाही ते वर्गमित्राच्या वैतागाने झालं. ती मुलगी जागेवर गेली, चिठ्ठीतलं दुसरं आणि तिसरं वाक्य खोडलं, आणि बाटली पुन्हा मागून घेतली, "नीट बघायची आहे" म्हणून.

मानसशास्त्रात याचं एक जुनं भावंड आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट क्राउस आणि सॅम ग्लक्सबर्ग यांनी दोन मुलांच्या मध्ये पडदा लावला. दोघांसमोर सारखेच ठोकळे, त्यांवर नाव देता येणार नाही अशा वेड्यावाकड्या आकृत्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तोच ठोकळा उचलायचा. अगदी लहान मुलं स्वतःपुरती नावं देत, ती ऐकणाऱ्याला उलगडत नसत. मोठी मुलं फेरीगणिक सुधारत गेली. आमची मुलं या मोठ्यांच्या वयाची. म्हणजे सुधारण्याची क्षमता होती, फक्त पडदा लावायचा राहिला होता. निबंधाच्या वहीत पडदा नसतो. समोर सगळं ठाऊक असलेल्या बाई बसलेल्या असतात.

पोचा, टवका, चरा

दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या लांबल्या, पण शोधणं फारसं सोपं झालं नाही. "बाटलीला एके ठिकाणी खराब झाले आहे." कुठे? कसं? मुलं बाटलीवर बोट ठेवून दाखवत होती, पण बोट चिठ्ठीत जात नाही.

मी शिकवण्यात भाग घेतला तो इथे. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी 2006 मध्ये शोधातून शिकण्याच्या पद्धतींवर टीका केली होती: नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं, त्याला मार्गदर्शनाविना सोडलं तर तो शोधण्यातच दमतो आणि शिकायचं राहून जातं. पुढच्या वर्षी सिंडी ह्मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की नीट चालवलेल्या समस्याधारित वर्गात मुलांना असं सोडलेलंच नसतं, पावलोपावली आधार असतो. मला दोघांचंही पटलं, पण पहिल्यांचं आधी पटलं. पोचा हा शब्द ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याने कितीही शोध घेतला तरी तो बाटलीतून बाहेर येणार नाही. तो कोणीतरी द्यावाच लागतो.

मग एक पूर्ण तास आम्ही वस्तू कशा बिघडतात यावर घालवला. धातूची बाटली पडली की आत दबते, तो पोचा. रंगाचा किंवा कडेचा तुकडा उडतो, तो टवका. टोकदार वस्तूने ओढलेली रेघ म्हणजे चरा, आणि वरवर खरवडलं गेलं तर ओरखडा. प्लास्टिकला तडा जातो. कापड विरतं, शिवण उसवते, कॉलर झिजते, छत्रीची काडी वाकते. झाकण नुसतं गोल फिरत राहतं तेव्हा त्याचे आटे गेलेले असतात. हा शेवटचा शब्द मावशींनी सांगितला. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना आत बोलावलं, तर त्यांनी आणखी चार शब्द दिले, त्यातला एक मलाही नवा होता.

तक्त्यावरची विशेषणं चिकटली नाहीत आणि हे शब्द चिकटले. माझ्या मते कारण एवढंच की मुलांना त्या दिवशी त्यांची गरज होती. शब्द आधी आणि गरज मागून, या क्रमाने मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

त्याच तासाला मुलांच्या लक्षात आलं की नव्याकोऱ्या वस्तूचं वर्णन सगळ्यात अवघड. तिला सांगण्यासारखं काही झालेलंच नसतं.

मग आली डावी बाजू. "डाव्या बाजूला चरा आहे," असं एका गटाने लिहिलं. शोधणाऱ्याने बाटली फिरवली, परत फिरवली. "हिची डावी बाजू कुठली?" बाटली गोल. तिला डावं-उजवं नसतंच, ते धरणाऱ्याला असतं. यावर वर्गात जवळजवळ वीस मिनिटं वाद झाला, आणि मी तो थांबवला नाही. एकाने सुचवलं, वरून-खालून मोजायचं. दुसऱ्याने विचारलं, मग गोलात कुठे? शेवटी चष्मेवालीने तोडगा काढला: आधी बाटलीवरची न हलणारी एक खूण धरायची, मग तिच्यापासून मोजायचं. "कडी आपल्याकडे केली की तिच्या बरोबर मागे, बुडापासून दोन बोटं वर." हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. मोठ्यांच्या लेखनातही असं वाक्य क्वचितच भेटतं.

वाक्यांचं कामही इथेच निघालं. चिठ्ठ्या अशा असायच्या: "बाटली निळी आहे. बाटलीला कडी आहे. कडी तुटली आहे. झाकण लाल आहे." मी म्हटलं, मावशींना घाई असते, हे एकाच वाक्यात बसवा. पहिल्या प्रयत्नात सगळं 'आणि'ने जोडून आलं. मग मराठीची एक सोय दाखवली: ज्याचं वर्णन करायचं त्याच्या आधी '-ची' लावून सगळं रचता येतं. लाल झाकणाची, तुटक्या कडीची, बुडाला पोचा पडलेली निळी बाटली. मुलांना हा खेळ वाटला. किती '-ची' लावल्यावर वाचणाऱ्याचा श्वास संपतो हेही त्यांनी मोजलं, आणि चारच्या पुढे जायचं नाही असा नियम स्वतःच केला. चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावर स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा 2007 चा एक अहवाल आहे. उपयोगी ठरलेल्या गोष्टींत त्यांनी वाक्यजोडणी गणली आहे, सुटं व्याकरण शिकवणं नाही. आमच्याकडे विशेषणाच्या रूपांचा धडा आधीच होऊन गेला होता. 'तुटकी कडी' पण 'तुटक्या कडीची', हे मात्र मुलांना चिठ्ठी लिहिताना पहिल्यांदा दिसलं.

खरं सांगायचं, पण सगळं नाही

आता पेटी खरोखर सुरू झाली. मावशींना पेटी शोधत बसायला नको म्हणून सापडलेल्या वस्तूचं वर्णन गटाने लिहून फलकावर लावायचं, ज्याची असेल त्याने येऊन न्यायची. पहिल्याच आठवड्यात एक छत्री चुकीच्या हाती गेली. वर्णन इतकं चोख होतं की ते वाचून कोणीही ती आपली म्हणू शकत होतं, आणि एकाने म्हटलं. खरी मालकीण दोन दिवसांनी आली.

वर्गात मोठी खळबळ उडाली. ज्याने छत्री नेली त्याचं काय करायचं ते मोठ्या बाईंवर सोडलं. आम्ही फक्त चिठ्ठीचं बघायचं ठरवलं. तेव्हा पहिल्या दिवशीचा दुसरा रकाना आठवला: कोणीपण बघून सांगेल. त्यावर दोन दिवस चर्चा चालली. निघालेला उपाय मी सुचवलेला नव्हता. फलकावर इतकंच लिहायचं की मालकाला ओळख पटेल. पण एक पक्की खूण राखून ठेवायची. ती मालकाने आपल्या चिठ्ठीत लिहून द्यायची. जुळली तर वस्तू मिळेल.

वर्णन शिकवताना मी नेहमी 'अजून लिही' म्हणत आले. आता मुलं 'हे नको लिहूस' म्हणून भांडत होती. कोणती खूण सांगायची आणि कोणती राखायची, हे ठरवायला आधी सगळ्या खुणा पाहाव्या लागतात, त्यांची तुलना करावी लागते, वाचणारा काय ताडेल याचा अंदाज घ्यावा लागतो. रंग फलकावर, झाकण फलकावर, आटे गेलेले राखून. एका गटाने झाकणाच्या आतल्या काळ्या डागाची खूण राखली, कारण "तो बाटली वापरणाऱ्यालाच माहीत असतो".

तपासण्याची रीतही बदलली. गुण दिले नाहीत. शोधणाऱ्याने चिठ्ठीवर तीन गोष्टी करायच्या: सापडलं का ते लिहायचं, ज्या शब्दामुळे सापडलं त्याखाली रेघ मारायची, जिथे अडलं तिथे फुली मारायची. सगळ्या सत्रात 'छान' या शब्दाखाली एकही रेघ पडली नाही.

मागच्या बाकावरचा मुलगा

पालीचं वर्णन करणारा हा मुलगा लिहिण्यात अडखळतो. जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते. पहिले दोन आठवडे त्याच्या गटात एकच मुलगी लिहायची आणि तो खिडकीबाहेर बघायचा. गटकामाचा हा जुना रोग आहे. मी कामं वाटून दिली: एक पाहणारा, एक विचारणारा, एक लिहिणारा, दर दिवशी बदल. पाहणाऱ्याने वस्तू हातात धरून बोलायचं आणि लिहिणाऱ्याने वस्तू न बघता लिहायचं. त्याची पाळी आली तेव्हा तो एका कंपासपेटीबद्दल इतका वेळ बोलला की लिहिणारी म्हणाली, "हळू रे, हात दुखला." त्याची पाहण्याची पाळी मी गुपचूप जास्त वेळा येऊ दिली. लिहिण्याची पाळी मात्र चुकवली नाही, आणि त्या दिवशी गटाची चिठ्ठी तोकडी असायची.

पंचनामा

पाचव्या आठवड्यापर्यंत वस्तू बिनचूक सापडू लागल्या होत्या, आणि चिठ्ठ्या वाचवेनाशा झाल्या होत्या. "निळ्या झाकणाचा, डाव्या कडेला दीड बोट चीर गेलेला, आतून पिवळट डाग असलेला डबा." बरोबर. पण हा पंचनामा झाला. मला हवं होतं ते वर्णनलेखन हेच का? समस्येने जे मागितलं तेच मुलांनी दिलं होतं. मी अचूकपणा मागणारी समस्या निवडली, अचूकपणा मिळाला. जिवंतपणा तिने मागितलाच नव्हता.

वाट एका स्वेटरने दाखवली. दुसऱ्या वर्गातल्या एका मुलीने आपल्या हरवलेल्या स्वेटरची चिठ्ठी दिली. "राखाडी. बाह्या दोनदा दुमडलेल्या आहेत. आजीने पुढच्या वर्षासाठी मोठा विणला आहे, पण मी याच वर्षी घालते." आमच्या वर्गाने ती चिठ्ठी वाचली आणि स्वेटर लगेच सापडला. पण मुलं तिथेच घुटमळली. एक म्हणाली, "बाई, ही चिठ्ठी वेगळी आहे." का, ते तिला सांगता येईना. मलाही लगेच सांगता आलं नाही.

मग आम्ही फलकावरच्या चिठ्ठ्यांना एक प्रश्न जोडला: ही खूण कशी पडली असेल? बाटलीला पोचा कशाने आला? छत्रीची काडी कोणत्या बाजूच्या वाऱ्याने वाकली? मालकाला विचारायचं, मालक नसेल तर खुणेवरून ताडायचं आणि 'असेल' म्हणून लिहायचं. काही चिठ्ठ्या लगेच वाहवत गेल्या. एका बाटलीवरून हत्ती गेला. वर्गानेच तिच्यावर फुली मारली, कारण हत्तीने एवढाच पोचा कसा पडेल? पण काहींत काहीतरी आलं. कंपासपेटीच्या झाकणावर आतून कोरलेल्या उभ्या रेघांबद्दल एकाने लिहिलं: "रेघा पाच-पाचच्या गटात आहेत. कोणीतरी दिवस मोजत असेल." एवढंच.

परीक्षेत पुन्हा छान

सत्रपरीक्षेत प्रश्न आला: 'माझी शाळा' या विषयावर दहा ओळी लिहा. आणि 31 पैकी बऱ्याच जणांनी लिहिलं, माझी शाळा खूप छान आहे.

मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. मग पेपर परत देताना विचारलं, हे असं का? मुलं गोंधळली. "बाई, हा निबंध आहे ना." चिठ्ठी आणि निबंध या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या जाती होत्या. मी विचारलं, हे कोण वाचणार होतं? "तुम्ही." मग यात मला माहीत नसलेलं काय आहे? कोणी बोललं नाही. चष्मेवाली म्हणाली, "तुम्हाला सगळंच माहीत असतं."

पुन्हा करायची संधी मिळाली तर दोन गोष्टी वेगळ्या करीन. एक, पहिल्या महिन्यातच चिठ्ठीशेजारी निबंध ठेवून दोन्हींना एकच प्रश्न विचारीन: वाचणाऱ्याला काय दिसत नाहीये? हा पूल मुलं आपोआप बांधतील असं मी धरून चालले, ती माझी चूक. दोन, पेटी सहा आठवडे ताणणार नाही. चौथ्या आठवड्यालाच मुलांचा उत्साह मंदावला होता, मी मात्र माझ्या नियोजनाला चिकटून राहिले. आणि वेळेचं खरंच सांगायचं तर भाषेचे इतके तास एका पेटीवर गेले की दोन पाठ घाईत उरकावे लागले. सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं, ते चूक नव्हतं.

सत्र संपायला आठ दिवस होते. 'माझी शाळा' हाच विषय मी पुन्हा दिला, पण आता वाचणारी शेजारची तुकडी होती. शाळेतली एकच जागा निवडायची, तिचं नाव लिहायचं नाही, आणि वाचणाऱ्याने कागद घेऊन नेमकं तिथे जाऊन उभं राहायचं. दोन दिवस मुलं शाळाभर बोटांनी भिंती मोजत फिरत होती.

मागच्या बाकावरच्याने स्वतः लिहिलं. जोडाक्षरं दोन ठिकाणी चुकली होती, ती मी तशीच राहू दिली. इथे दुरुस्त करून देते:

"इथे बसलं की पाठीला गार लागतं, कारण या भिंतीवर ऊन दुपारनंतर येतं. तिसऱ्या पायरीचा टवका उडाला आहे. हात फिरवला तर कळतो. वर बघा. एक फट आहे. तिच्यात पाल राहते. तिची अर्धी शेपूट जुनी आहे आणि अर्धी नवी. नवी फिकी आहे. ती लगेच दिसत नाही. बोलू नका. थोडं थांबा."

मधली सुट्टी संपली, घंटा झाली. शेजारच्या तुकडीतली दोन मुलं वर्गात आली नव्हती, म्हणून मी बघायला गेले. तिसऱ्या पायरीवर दोघं भिंतीकडे तोंड करून बसली होती, कागद मध्ये ठेवलेला. मी हाक मारणार तेवढ्यात एकाने मागे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.